वंडीवरच्या बहिणाबाई

"वहिनी, ऐकलं का वं? अत्र्यांनी राजीनामा दिला!"

जिजींची बातमी अशीच येते. आधी आवाज वंडीवरून अलीकडे येतो, मागून जिजी. सुरतेच्या दिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत दोन घरांमधली ही वंडी, म्हणजे कुंपणाची भिंत, छातीएवढी उंच. जिजी तिच्यावर साडी उलटी पसरतात आणि मागचे लोंबते धागे छोट्या कात्रीनं कापत राहतात. धागा कटिंगचं काम बसून केलं तर कंबर जाते, उभ्यानं केलं तर पाय. तेव्हा निदान तोंड तरी मोकळं राहील अशी जागा त्यांनी निवडली आहे.

"कोणते अत्रे?"

"आपले. कारखान्यावाले. आचार्य अत्रे."

मग माझी ट्यूब पेटली. "का दिला?"

"त्यांचं भाषण कापलं ना. पंचवीस मिनिटांचं पाच मिनिटांवर आणलं. ते म्हणे, पाच मिनिटांसाठी मी कोट शिवला नाही."

तुम्हाला मागचं ठाऊक नसणार, म्हणून थोडं सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भागात घरोघरी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत तिचं विसर्जन होतं, आणि लगेच गणपतीच्या मीटिंगा सुरू. लिंबायत, उधना, पांडेसरा, नवागाम, दिंडोली या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं इतकी आहेत की नवापूर ओलांडून गुजरातेत आल्याचं कित्येकांच्या लक्षातच येत नाही. ताप्ती लाइनची गाडी पकडली की उधन्याला उतरायचं, लूमवर नाही तर मिलमध्ये चिकटायचं, हे दोन-तीन पिढ्या चाललेलं. यंदा मीटिंगमध्ये बायकांनी हट्ट धरला की ऑर्केस्ट्रा नको, नाटक करायचं. ऑर्केस्ट्रात दुसऱ्या गाण्यालाच पोरं स्टेजवर चढतात आणि बायकांना मागच्या रांगेत उभं राहून नुसती पोरांची पाठ दिसते. मंडळानं मान डोलावली. महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या सरांनी नाटक लिहायचं ठरलं. विषय ठरला बहिणाबाई चौधरी, एका निरक्षर शेतकरीण कवयित्रीची धडपड.

विषय ठरला म्हणजे ठरवला गेला. मी दुसरंच नाव सुचवलं होतं.

मी माहेरची फलटणची. धडपडच दाखवायची तर आमच्या गावच्या बेबीताई कांबळे यांची दाखवा, असं मी म्हटलं होतं. त्यांचा जन्म १९२९ सालचा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. लग्नानंतर फलटणला नवराबायकोनं छोटं किराणा दुकान टाकलं. सामान बांधायला रद्दी यायची. ती रद्दी पुड्या बांधण्याआधी त्या वाचून काढायच्या. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून लिहायच्या आणि लिहिलेलं नवऱ्याच्या, पोराच्या हाती लागू नये म्हणून अडगळीत दडवून ठेवायच्या. नवरा संशयी, मारायचाही. अशी वीस वर्षं त्यांनी ती वही लपवली. पुढे फलटणला येऊन राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन बाईंनी मागे लागून ती बाहेर काढायला लावली. आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, मग १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघालं. महारवाड्यातलं जगणं, बाबासाहेबांच्या चळवळीनं बायकांना आलेली जाग आणि घरातल्याच माणसांनी बायकांवर गाजवलेली सत्ता, सगळं त्यात आहे. नाटकाला आणखी काय लागतं? दुकान आहे, गल्ला आहे, लपवलेली वही आहे, आणि कोणत्याही क्षणी दारातून आत येऊ शकेल असा नवरा आहे.

मीटिंगमध्ये मिनिटभर कोणी बोललं नाही. मग अध्यक्ष म्हणाले, "चांगलं आहे. पण गणपतीत कशाला?"

'कशाला'चा अर्थ सगळ्यांना कळला. जातीचं निघेल, नवऱ्याच्या मारझोडीचं निघेल, पुढच्या रांगेत बसलेल्यांना खुर्ची टोचेल. बहिणाबाईंचा कोणाला राग येत नाही. त्यांचा संसार, त्यांची पाखरं, त्यांचं शेत सगळ्यांना आपलं वाटतं. शाळेच्या पुस्तकातून त्या घरात आल्या त्या देव्हाऱ्याशेजारच्या फोटोसारख्या. माझं मत मी तिथंच सांगितलं की बहिणाबाई आपण मोठ्या म्हणून घेत नाही, सोयीच्या म्हणून घेतोय. कोणी वाद घातला नाही. चहा आला.

जिजींना हे सगळं ठाऊक होतं. त्या मीटिंगमध्ये माझ्या शेजारीच बसल्या होत्या. तरी आज वंडीवर त्यांनी ते पुन्हा उकरलं.

"तुझी ती फलटणवाली बाई राहिली ना वं. पण एक सांगू? बहिणाबाई सोयीच्या नाहीत. यांनी त्यांना सोयीच्या केल्यात. सरांचं लिहिलेलं वाचलं का तू?"

"ऐकलं थोडं तालमीत."

"प्रत्येक सीनमध्ये रडते ती. जात्यावर रडते, चुलीपाशी रडते, शेतात रडते. मले सांग, एवढं रडणारी बाई गाणं करेल कधी?"

जिजी अमळनेरकडच्या. सासरे तिथल्या मिलमध्ये होते, मिलचं आटोपलं आणि घर सुरतेला आलं. त्या सातवीपर्यंत शिकल्या, पण बहिणाबाई त्यांना पुस्तकातून नाही, आईच्या तोंडून ठाऊक. त्यांचं म्हणणं, बहिणाबाई माणसांची थट्टा करायच्या, देवाचीसुद्धा. जळगावात छापखाना आला तेव्हा या बाईनं त्याच्यावरही गाणं रचलं. स्वतःला एक अक्षर येत नाही आणि गाणं छापखान्यावर! आणि त्यात म्हणते काय, तर कोरा कागद छापून शहाणा होतो, पण माणूस मात्र येडाचा येडा राहतो. "शिकलेल्यांना अशी चपराक देणारी बाई," जिजींनी कात्री हवेत उगारली, "तिले तुम्ही पदर डोळ्याला लावून बसवता?"

मला ते पटलं. त्यांचं आयुष्य काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. १८८० साली असोद्याला महाजनांच्या घरी जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य. पदरात तीन मुलं, त्यातल्या मोठ्या ओंकारला प्लेगनं अपंगत्व आलेलं. हे सगळं सोसून ती बाई विनोद करते, हेच तर दाखवायला कठीण. रडवणं सोपं. दोन भांडी पाडली आणि बासरी लावली की झालं.

"आणि सरांनी शेवट काय केलाय ठाऊक आहे ना?" जिजी.

"अत्र्यांचा."

शेवटच्या प्रवेशाची हकिकत खरीच आहे. बाई गाणी म्हणायच्या ती मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तशी लिहून घ्यायचे. सोपानदेव स्वतः कवी, म्हणून त्यांना त्याचं मोल कळलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे थक्क झाले, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघालं. पहिल्या आवृत्तीत ३५ कविता. त्याच साली अमळनेरला साहित्य संमेलन भरलं होतं, हे जिजी अभिमानानं सांगतात. जणू संमेलन आणि पुस्तक दोन्हींचा मंडप त्यांच्याच अंगणात पडला होता. २०२४ ला अमळनेरला पुन्हा संमेलन झालं तेव्हा त्या खास गाडीनं जाऊन आल्या.

सरांनी काय केलं, तर नाटकाचा शेवटचा अर्धा तास वहीला दिला. सोपानदेव वही उघडतात, अत्रे वाचतात, उभे राहतात, येरझाऱ्या घालतात, महाराष्ट्राला उद्देशून बोलतात. कारखान्यावाल्या काकांची उंची आणि पोट दोन्ही भूमिकेला साजेसं. त्यांनी पदरचे पैसे घालून कोट शिवला. घरी आरशासमोर भाषण पाठ केलं. त्यांच्या मिसेस सांगत होत्या की लूमच्या खात्यात, त्या खडखडाटात, ते मास्टरशीही अत्र्यांच्या आवाजात बोलायला लागले होते.

"पण वहिनी, तूच हिशेब कर," जिजींनी साडी पुढे सरकवली. "बाई गेली डिसेंबरात. पुस्तक निघालं दुसऱ्या साली. म्हणजे शेवटचा अर्धा तास बाई स्टेजवर नाहीच. तिच्या नाटकात दोन पुरुष बोलताहेत आणि ती? विंगेत बसून शेंगा फोडतेय. असं कसं चाली?"

हा मुद्दा तालमीत पहिल्यांदा कोणी काढला असेल, तर बहिणाबाईंनीच. म्हणजे आमच्या बहिणाबाईंनी. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशी. साठीच्या घरातल्या, साडीला टिकी चिकटवायचं काम करतात. दिवसभर फेविकॉलच्या वासात. त्यांना अक्षर येत नाही. निवड झाली तेव्हा दोन-चार शिकलेल्या बायकांनी नाकं मुरडली, कारण बी.ए. झालेल्याही दोघी इच्छुक होत्या. पण मावशींनी एकदा जात्याशी बसून दाखवलं आणि वाद मिटला. बी.ए. वाल्या जातं असं फिरवत होत्या जणू दही घुसळतायत.

संवाद पाठ करायचे कसे, हा प्रश्न. नातवानं तोडगा काढला. सरांचं नाटक त्यानं फोनवर वाचून रेकॉर्ड केलं. टिक्या चिकटवता चिकटवता मावशी कानाला लावून ऐकतात. नातू गुजराती माध्यमातला. त्याला देवनागरी येते, हिंदीमुळे, पण भराभर वाचायचं तर गुजराती लिपीच. म्हणून त्यानं आधी अख्खं नाटक गुजराती अक्षरांत उतरवून काढलं. आता मराठी नाटक, खानदेशी बोली, गुजराती लिपी, आणि ते ऐकणारीला तिन्हींतलं एकही अक्षर वाचता येत नाही. पण मावशींचा एक शब्द चुकत नाही.

चुकत नाही, पण वाढतो. भानगड तिथं झाली.

प्लेगचा प्रवेश होता. ओंकार तापानं फणफणलाय, गावात माणसं जातायत, बाई एकटी. सरांनी लिहिलं होतं, "देवा, माझ्या लेकराला वाचव." मावशी ते बोलल्या आणि थांबल्या. मग त्यांच्या तोंडून भलतंच यायला लागलं. घराला कुलूप कसं लावलं, तोंडाला ओला फडका कसा बांधला, शेजारीण दार का उघडेना, गोळ्या दुकानातून कशा संपल्या, पोराला कडेवर घेऊन गाडीत पाय ठेवायला जागा कशी नव्हती. एकदम सगळे गप्प. कारण ते जळगावचं नव्हतंच. ते इथलं होतं, १९९४ च्या सप्टेंबरातलं.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या साली पावसाळ्यात पाणी भरलं होतं, घाण तुंबली होती, आणि गणपती विसर्जनानंतर वेड रोडच्या बाजूनं प्लेगची बातमी फुटली. चार दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. लूम बंद, हिऱ्यांचे कारखाने बंद. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनात. खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपावरही माणसं. आणि गावाकडे पोचल्यावर तिथले लोक अंतर राखून उभे, कारण हे सुरतेहून आलेले. पुढे १९९५ मध्ये राव साहेब महापालिकेचे कमिशनर म्हणून आले आणि शहर धुऊन काढलं, ती कौतुकाची गोष्ट सगळे सांगतात. गाडीतल्या त्या रात्रीची कोणी सांगत नाही.

"मी पण त्याच गाडीत होते," जिजी म्हणाल्या आणि पुढचे दोन-तीन धागे त्यांनी न बोलता कापले. "मावशी बोलली तेव्हा मले माझ्या पोराचा ताप आठवला."

आता सरांची पंचाईत बघा. ते म्हणाले, "मावशी, छान झालं, पण हे संहितेत नाही." मावशी म्हणाल्या, "नसू द्या." सर म्हणाले, "बहिणाबाईंच्या वेळी टेट्रासायक्लिन नव्हतं." ते बरोबरच. मावशी म्हणाल्या, "मग गोळीचं नाव नाही घेत. दार न उघडणारी शेजारीण तर तेव्हा पण असेल ना?" सरांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच बोलायला सांगितलं, तर मावशी वेगळंच बोलल्या, आणि तेही तितकंच खरं. तिसऱ्या दिवशी आणखी निराळं. सर वही-पेन घेऊन समोर बसले. ते बसले की मावशींच्या तोंडून फक्त "देवा, माझ्या लेकराला वाचव" येतं. पेन खिशात गेलं की बाकीचं.

मला विचाराल तर या तालमीतलं सगळ्यात खरं नाटक हे. बहिणाबाईंची धडपड लिहिण्याची नव्हतीच मुळी. त्यांना गाणं सुचायला ना शाळा लागली, ना टेबल. अडचण होती ती पकडणाऱ्याची. घरात कवी मुलगा जन्मला म्हणून काही वहीत उतरलं. तो लूमवर कामाला गेला असता तर? हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणारणींच्या नावागावासकट. म्हणजे एवढ्या बायका तेच करत होत्या. उलट बेबीताईंना अक्षर येत होतं, कागद होता, पेन होतं, आणि तरी वीस वर्षं दडवण्यात गेली. अक्षर आलं की सुटका होते असं सरांना वाटतं, मास्तर आहेत ते. मला तसं वाटत नाही.

मी हे बोलले तेव्हा जिजींनी नर्मदला आणलं. मराठी नाटकाच्या गप्पांत सुरतेचा नर्मद कसा आला, असं वाटेल. पण जिजींचा धाकटा नर्मद लायब्ररीत अभ्यासाला जातो, त्याच्याकडून त्यांना ते कळलं. कवी नर्मदनं १८५८ साली मास्तरकी सोडली, घरी आला आणि लेखणीकडे बघत डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, की आता मी तुझ्या मांडीवर आहे.

"चांगलं आहे," जिजी म्हणाल्या, "पुरुषाले लेखणीच्या मांडीवर डोकं ठेवता येतं. घरात बायको डाहीगौरी होतीच ना चूल बघायला. बाईच्या मांडीवर तर आधीच पोर असतं. लेखणी कोणाच्या मांडीवर डोकं ठेवणार?"

हे वाक्य मी इथं लिहून ठेवते आहे, जिजींच्या नावावर. नाही तर सर नाटकात घालतील.

बोलीवरूनही एक रामायण झालंच. मावशी धुळ्याकडच्या, त्यांची अहिराणी. बहिणाबाईंची बोली जळगाव, भुसावळ, यावल, रावेरकडची लेवा लोकांची. बाहेरची माणसं सरसकट सगळ्याला अहिराणी म्हणतात आणि लेवा मंडळी चिडतात. आमच्या मंडळात दोन्हींकडचे आहेत. तीन रात्री यावर गेल्या. एकानं तर मावशींचा प्रत्येक शब्द दुरुस्त करायला मागच्या खुर्चीवर ठाण मांडलं. शेवटी मावशी त्याला म्हणाल्या, "भाऊ, तूच बस जात्यावर." मला स्वतःला विचाराल, तर बोली शुद्ध असायला हवी, बहिणाबाईंच्या बाबतीत तरी. पण त्या गृहस्थांची तक्रार बोलीची होती की मावशींची, याची मला खात्री नाही.

फ्लेक्सची गंमत तर राहिलीच. छपाईवाल्यानं बहिणाबाई म्हणून नेटवरून जे चित्र उचललं ते संत बहिणाबाईंचं. शिऊरच्या, सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. नाक्यावर दोन दिवस ते झळकत होतं. भाविक नमस्कार करून जात होते. सरांना शरमेनं घाम फुटला, पण जिजी म्हणाल्या, राहू द्या, त्याही बाईनं स्वतःची कहाणी अभंगांत सांगून ठेवली आहे, आणि ब्राह्मणाच्या बायकोनं वाण्याला गुरू केलं म्हणून नवऱ्यानं तिला बडवलंच होतं. तर माझा जो 'मारझोडीचा' विषय मंडळाला गणपतीत नको होता, तो फ्लेक्सवर बसून दोन दिवस नमस्कार घेत होता.

"बरं, पत्रिकेचं काय झालं?" मी विचारलं. त्याचं प्रूफ काल आलं होतं.

जिजी हसायलाच लागल्या. "अकरा पाहुणे. अकरा वं! नगरसेवक, शेठ, मार्केटचे व्यापारी, सगळ्यांच्या नावापुढे श्रीमान. खाली लेखक-दिग्दर्शक सरांचं नाव ठळक. अत्रे ठळक. सोपानदेव ठळक. आणि सगळ्यात खाली, 'तसेच महिला मंडळाच्या भगिनी.'"

"बहिणाबाई पण भगिनींतच?"

"भगिनींतच."

काल रात्री बायका प्रूफ घेऊन मंडळाच्या ऑफिसात गेल्या. मावशींचं नाव पहिलं छापा म्हणाल्या. पोरगा कॉम्प्युटरवर बसला होता, म्हणाला, सांगा नाव. आणि ऑफिसातल्या नऊ-दहा जणींपैकी कोणालाच मावशींचं नाव येईना. तीस वर्षं एका गल्लीत. कोणी म्हणे पिंटूची आई, कोणी म्हणे टिकीवाल्या मावशी, कोणी नवऱ्याच्या आडनावावर थांबलं. मावशी बाजूला उभ्या. त्यांनाच विचारायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी नातवानं फोनमधलं आधार कार्ड उघडून दाखवलं. तिथं गुजरातीत आणि इंग्रजीत दोन निरनिराळी स्पेलिंगं. मराठीत कसं लिहायचं यावर आणखी दहा मिनिटं चर्चा.

"आणि मावशी काय म्हणाल्या?"

"ती म्हणे, कसंही लिहा, मले कुठे वाचायचंय. पण अकरा पाहुण्यांच्या वर लिहा."

मी हात जोडले. असा माणूस वंडीपलीकडे राहतो आणि आपण टीव्हीवर मालिका बघतो.

तर आता प्रश्न उरला अत्र्यांचा. काकांनी राजीनामा दिला म्हणजे नुसती भूमिका सोडली नाही, वर्गणीही अडकली. मंडपाच्या पैशात त्यांचा वाटा मोठा. शिवाय त्यांचे खात्यातले पन्नासेक कामगार नाटकाला येणार, ते सगळे अत्र्यांना बघायला. भाषण कापलं म्हणून त्यांनी गोंधळ घातला तर? सुरतेत भरसभेत जोडे फेकायची जुनी परंपरा आहे. १९०७ साली काँग्रेसचं अधिवेशन इथंच मोडलं ते दक्षिणी जोड्यानं, आणि तो लागला सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि फेरोजशहा मेहतांना. आमचे सर अंगानं बारीक. त्यांना जोडा सोसायचा नाही.

"मी एक सांगितलं सरांना सकाळी," जिजींनी आवाज उगाचच खाली आणला. शेजारी कोणी नव्हतं. "म्हटलं, अत्र्यांना शेवटी नका ठेवू. पहिल्यांदाच आणा. पडदा उघडला की अत्रे. कोट घालून. हातात वही. बोलू द्या त्यांना पंधरा मिनिटं, महाराष्ट्राशी, दिल्लीशी, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी. मग ते वही उघडतात आणि जातं सुरू. तिथून पुढे बाईचं राज्य. पुन्हा अत्रे नाही, सोपानदेव नाही, कोणी नाही."

मी विचार केला. नाटकाच्या दृष्टीनं ते खरोखर चांगलं होतं. बाई मेल्यावर पुरुष तिच्याबद्दल बोलतात, हे शेवटी ठेवलं की लोक तेच घेऊन घरी जातात. सुरुवातीला ठेवलं की ते विसरतात. उर्मिला पवारांच्या 'आयदान' या आत्मकथेचं नाटक सुषमा देशपांडे यांनी बसवलं, त्यात तिघी नट्या मिळून एका बाईचं आयुष्य सांगतात. तिथं वही शोधून काढणारा कोणी लागलाच नाही. मी हे जिजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं कारण वेगळंच होतं.

"अगं, प्रमुख पाहुणे पंधरा मिनिटांत उठतात. नेहमी. अकराच्या अकरा उठणार, त्यांना दुसऱ्या मंडळात जायचं असतं. शेवटी भाषण ठेवलं तर काका रिकाम्या खुर्च्यांशी बोलणार. पहिलं ठेवलं तर अकरा पाहुणे, फोटोवाला, पेपरवाला, सगळे हजर. काकांना दुसरं काय हवंय?"

"आणि सर काय म्हणाले?"

"सर म्हणाले, पण मग शेवटी टाळ्या कोण घेणार?"

"मग?"

"मी म्हटलं, मावशी घेईल नाही तर नाही घेईल. तिले सकाळी सातला टेम्पोवाल्याला पार्सल द्यायचंय, तुम्ही फक्त अकराच्या आत तिले घरी सोडा."

एवढं बोलून त्यांनी कापलेली साडी घडी घालून गठ्ठ्यावर टाकली, दुसरी ओढली, आणि माझ्या डोक्यावरून समोरच्या रांगेतल्या गॅलरीकडे बघत असा आवाज काढला की दोन कबुतरं उडाली. "अहो भाभी! तुमच्या अत्र्यांना म्हणा, कोटाला इस्त्री मारून ठेवा! पहिला नंबर तुमचाच!"